तेलंगणातून सोलापुरात कायमचे परतल्यावर गुन्हे, वाहन आणि बंदुकीचे कोणते नियम बदलतात?

जुळे सोलापूरकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. अकरा वर्षे हैदराबादेत नोकरी करून मी गेल्या जूनमध्ये सोलापूरला कायमचा परत आलो. घर जुळे सोलापुरात घेतले आहे. आईवडील आणि धाकटा भाऊ मात्र उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजजवळच्या आमच्या गावी शेतावरच राहतात. राज्य बदलले की कायदे किती बदलतात याचा विचार मी आजवर केला नव्हता. आता तीन गोष्टी अशा समोर आल्या आहेत की त्यांबाबत प्रत्येक जण मला वेगळे सांगतो, आणि मला ऐकीव माहितीवर चालायचे नाही.

पहिली गोष्ट मोटारीची. माझ्या गाडीला तेलंगणाचे पासिंग आहे आणि तिथला आजीवन टॅक्स भरलेला आहे. परवा विजापूर रोडवर तपासणीसाठी थांबवले तेव्हा कागदपत्रे पाहून मला सोडले, पण गाडी इथे आणून किती महिने झाले, असे विचारले. हा प्रश्न का विचारला ते मला समजले नाही.

दुसरी गोष्ट वडिलांच्या बंदुकीची. त्यांच्याकडे बारा बोअरची बंदूक आहे आणि परवाना तीस वर्षांहून जुना आहे. त्यांचे वय आता ७६ आहे, दृष्टी अधू झाली आहे आणि परवान्याचे नूतनीकरण पुढच्या हिवाळ्यात आहे. बंदूक आता मुलांपैकी एकाच्या नावावर व्हावी, अशी त्यांची इच्छा आहे. मी थोरला असलो तरी शेतावर भाऊ असतो. तेव्हा अर्ज कोणी आणि कुठे करायचा?

तिसरी गोष्ट मनाला जास्त लागली. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून वाद झाला आणि एकाने मला शिवीगाळ करून दोन थपडा मारल्या. मी पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा माझे म्हणणे लिहून घेतले, हातात एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) प्रत दिली आणि ‘आता कोर्टात जा’ असे सांगितले. मार खाल्लेल्या माणसाला पोलीस परत पाठवू शकतात, असा या राज्याचा कायदा आहे काय?


कोर्टातला जुना कारकून

आपण शेवटी जो शब्द वापरला आहे, ‘या राज्याचा कायदा’, तिथूनच सुरुवात करतो, कारण बहुतेक गोंधळ त्या शब्दातच आहे. दिवाणी आणि फौजदारी कोर्टांच्या कार्यालयांत माझी एकतीस वर्षे गेली आणि पक्षकार हाच प्रश्न रोज वेगवेगळ्या रूपात विचारीत. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन सूच्या आहेत. शस्त्रे आणि दारूगोळा हा विषय संघसूचीत आहे, म्हणून बंदुकीचा कायदा देशभर एकच : शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम २०१६. फौजदारी कायदा आणि मोटार वाहने हे विषय समवर्ती सूचीत आहेत. मूळ कायदा केंद्राचा असतो आणि राज्य त्यात आपली भर घालते. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, दारू, जुगार आणि वाहनांवरचा कर हे मात्र राज्याचे विषय आहेत. त्यामुळे हैदराबादहून सोलापूरला आल्यावर आपल्यासाठी जे खरोखर बदलले, ते मुख्यतः या शेवटच्या गटात आहे. आपल्याला एखादे कलम कोणी ऐकवले, तर आधी ते कोणत्या कायद्याचे कलम आहे हे विचारावे. नुसत्या आकड्याला काही अर्थ नसतो.

याचे एक उदाहरण आपल्या उपयोगाचे आहे. मद्य हा राज्याचा विषय असल्याने इथे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ लागू आहे. हैदराबादेत रीतसर दुकानातून घेतलेली बाटली पावतीसह गाडीत घालून इथे आणली, तरी परवानगीवाचून राज्यात मद्य आणणे हा त्या कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा ठरतो. विजापूर आणि गुलबर्गा इतके जवळ असल्याने सोलापुरातल्या अनेक साध्या माणसांवर या कलमाखाली खटले झालेले मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण काही चूक केली आहे हेच ठाऊक नव्हते.

आता आपल्या एनसीबद्दल. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. लोकांच्या तोंडी अजून ३०२ आणि ४२० हेच आकडे आहेत. त्यांची जागा आता अनुक्रमे कलम १०३ आणि कलम ३१८ यांनी घेतली आहे. आपल्या प्रकरणातली साधी मारहाण नव्या संहितेत कलम ११५(२) खाली आणि शिवीगाळ करून केलेला अपमान कलम ३५२ खाली येतो. हे दोन्ही गुन्हे अदखलपात्र आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे अशा तक्रारीची नोंद घेऊन तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगणे, एवढेच पोलिसांच्या हाती असते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून त्यांना तपास करताच येत नाही. तेव्हा ठाणे अंमलदाराने आपल्याला टाळले, असे लगेच मानू नये.

परंतु त्याच कलमात एक तरतूद आहे, जी तक्रार देताना फार थोड्यांच्या लक्षात असते. एका घटनेत अनेक गुन्हे घडले असतील आणि त्यांपैकी एक जरी दखलपात्र असेल, तर सगळे प्रकरण दखलपात्र समजले जाते. आपल्याला काठी, दगड किंवा लोखंडी वस्तूने मारले असेल, हाड मोडले असेल, वाट अडवून धरली असेल, तर ते तक्रारीत सविस्तर लिहिलेले असले पाहिजे. माझ्या अनुभवात घाबरलेला माणूस ‘मला मारले’ एवढेच सांगतो; कशाने मारले हे सांगत नाही. सरकारी रुग्णालयातले वैद्यकीय प्रमाणपत्र त्याच दिवशी घ्यावे. दखलपात्र गुन्हा असूनही पोलीस नोंदवून घेत नसतील, तर कलम १७३(४) प्रमाणे आधी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा आणि त्यानंतरही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला आहे, हे कारण आता चालत नाही, कारण हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घेण्याचे बंधन त्याच कलमात आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत त्याला कळवावे लागते.

वाद पुन्हा पेटेल अशी भीती असेल, तर एनसीची प्रत जोडून प्रतिबंधक कारवाईसाठी अर्ज द्या. बोलीभाषेत तिला चॅप्टर केस म्हणतात. ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली होते आणि तीत समोरच्या व्यक्तीकडून शांतता राखण्याचा बंधपत्रावर हमीनामा घेता येतो. शेजाऱ्यांच्या भांडणात खटल्यापेक्षा याचाच उपयोग अधिक होतो, असे माझे मत आहे.


वाहनशाळा, सोलापूर

दादा, मोटारीच्या प्रश्नाचे उत्तर मी देते; आमची ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि परराज्यातल्या गाड्यांची कामे आमच्याकडे नेहमी येतात. आपल्याला विचारलेल्या प्रश्नामागे मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ४७ आहे. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असेल, तर तिथल्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे नव्या क्रमांकासाठी अर्ज करावा लागतो. आपण जूनमध्ये आला असाल, तर ती मुदत तेव्हापासून मोजा आणि येण्याच्या तारखेचा पुरावा, म्हणजे टोलची पावती, घरसामान आणल्याचे बिल किंवा जुन्या कार्यालयाचे कार्यमुक्ती पत्र, जपून ठेवा. तोपर्यंत तेलंगणाच्या क्रमांकावर गाडी चालवणे हा गुन्हा नाही आणि आपले लायसन्स तर देशभर चालतेच.

पहिले काम हैदराबादच्या ज्या कार्यालयात गाडी नोंदली आहे, तिथून ना हरकत प्रमाणपत्र घेण्याचे आहे. त्यासाठी नमुना २८ भरावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते आणि तिथली थकीत ई-चलने आधी भरावी लागतात. ते प्रमाणपत्र हाती आले की इथल्या आरटीओत नमुना २७ वर अर्ज करून महाराष्ट्राचा टॅक्स भरायचा, म्हणजे एमएच १३ चा क्रमांक मिळतो. टॅक्स दोनदा का, असे सगळेच विचारतात. वर काकांनी सांगितले तेच कारण आहे : वाहनांवरचा कर राज्याचा आहे, आणि तेलंगणाला दिलेल्या पैशाशी महाराष्ट्राचा संबंध नाही. तेलंगणाकडे उरलेल्या मुदतीच्या परताव्याचा अर्ज करता येतो, पण तो नव्या नोंदणीनंतर आपल्यालाच पाठपुरावा करून मिळवावा लागतो. क्रमांक बदलल्यावर विमा कंपनीला कळवायला विसरू नका. पॉलिसीवर जुना क्रमांक राहिला आणि अपघात झाला, तर दाव्याच्या वेळी नाहक खुलासे करीत बसावे लागते.

दंडाच्या रकमांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राने शिक्षा वाढवल्या, परंतु कलम २०० प्रमाणे जागेवर भरून मिटवायची तडजोड रक्कम प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. महाराष्ट्राने आपले वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. त्यामुळे एकाच चुकीला हैदराबादेत एक रक्कम आणि आपल्या सात रस्ता चौकात दुसरी, असे होऊ शकते. दारू पिऊन वाहन चालवण्याचा गुन्हा, कलम १८५, जागेवर मिटवताच येत नाही. तो कोर्टातच जातो आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, कारण दर जूनमध्ये मी ती पाहते. अकरावीला प्रवेश झाला की पालक मुलाच्या हाती गिअर नसलेली मोठी स्कूटर देतात आणि ‘सोळा वर्षांचा झाला, लायसन्स मिळते’ असे सांगतात. सोळाव्या वर्षीचे लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या वाहनासाठी आहे आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल स्कूटर त्याहून मोठ्या आहेत. कलम १९९अ प्रमाणे अशा मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत लायसन्स नाही. पोलीस चालकासारख्या भरतीत लायसन्स मागतात. शिकवणीला जायला दिलेल्या गाडीमुळे मुलाची उमेदीची सात-आठ वर्षे अडून बसावीत, हे मला पाहवत नाही. आपल्या घरात या वयाचे कोणी असेल तर कृपया लक्ष द्या.


माळरान (नान्नज परिसर)

मी आपल्याच भागातला शेतकरी आहे आणि माझ्याकडेही वडिलांकडून आलेली बंदूक आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये वारसाला परवाना देण्याची सोय आहे. परवानाधारक मरण पावल्यावरच ती लागू होते असा समज आहे, पण तो चुकीचा आहे. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा ते शस्त्र २५ वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी होईल तेव्हापासून तो हयातीतच आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. आपले वडील दोन्ही अटी पूर्ण करतात. इतर वारसांचे ना हरकत शपथपत्र लागते, तेव्हा दोघा भावांत आणि बहिणी असतील तर त्यांच्याशीही आधी बोलून घ्यावे.

अर्ज कुठे करायचा हे अर्जदाराच्या राहण्याच्या ठिकाणावर अवलंबून आहे, बंदुकीच्या जागेवर नाही. आपण जुळे सोलापुरात राहता, म्हणजे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत. तिथे परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त. भाऊ गावी राहतो. त्याच्यासाठी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय. दोन्हीकडे पोलिसांचा अहवाल मागवला जातो, वय किमान २१ लागते आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. माझे मत विचाराल तर परवाना भावाच्या नावावर व्हावा. शहरातल्या फ्लॅटमध्ये बंदूक ठेवण्याची गरज पटवून देणे अवघड आहे, आणि शेतावर राहणाऱ्याला ती सहज पटवता येते.

आपल्या गावांसाठी मात्र एक जास्तीची पायरी आहे आणि ती मला एका कार्यालयात तीन फेऱ्या मारल्यावर कळली. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन विभागाकडे आपल्या नावाची नोंद केली पाहिजे, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसहमती लागते. अभयारण्याची हद्द पुढे बरीच कमी करण्यात आली आहे, म्हणून आपल्या गावापासून आजच्या हद्दीचे अंतर किती आहे याची लेखी माहिती वन विभागाकडून आधीच घ्या आणि अर्जाला जोडा. माझा अर्ज याच एका कागदावाचून पाच महिने पडून राहिला.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे, हेही भावाला स्पष्ट सांगा. आपल्या माळावर काळवीट आहेत आणि ते अनुसूची १ मधले आहेत. पिकात शिरले म्हणून गोळी झाडणाऱ्याला बंदुकीचा परवाना वाचवू शकत नाही.


जुळे सोलापूरकर

आपण तिघांनीही इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पार्किंगच्या प्रकरणात मला हातानेच मारले होते, त्यामुळे एनसी योग्यच होती हे आता पटले. चॅप्टर केसचा अर्ज मी या आठवड्यात देतो. दोन शंका उरल्या आहेत. वर्तमानपत्रात ‘शहरात शस्त्रबंदी व जमावबंदी’ असे आदेश वारंवार येतात. भाऊ शहरातून नवा कोयता विकत घेऊन मोटारसायकलवरून गावी नेतो, तो या आदेशात सापडेल काय? आणि रात्री शेतावर चोर आले, तर बंदूक वापरण्याचा अधिकार कितपत आहे? वडील म्हणतात, परवाना त्यासाठीच असतो.


कोर्टातला जुना कारकून

हे आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) आणि ३७(३) खाली निघतात. पूर्वी याच कायद्याला मुंबई पोलीस अधिनियम म्हणत. हा राज्याचा कायदा आहे. शहरात आदेश पोलीस आयुक्तांचा आणि उरलेल्या जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांचा असतो, त्यामुळे शहराच्या वेशीवरच्या बाळे भागाच्या पुढे गेल्यावर वेगळा आदेश लागू असू शकतो. उपकलम (१) खाली शस्त्रे, तलवारी, सुरे, काठ्या, दगड बाळगण्याला मनाई करता येते. उपकलम (३) मध्ये जमाव आणि मिरवणुका येतात, आणि शासनाच्या मंजुरीवाचून तो आदेश पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. मनाईच्या काळात शस्त्र बाळगल्यास कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत आणि साधारणपणे चार महिन्यांहून कमी नाही इतकी कैद आहे. गावात लोक अशा आदेशालाही ‘कर्फ्यू लागला’ म्हणतात, ते चूक आहे. या शहराने मे १९३० मध्ये खराखुरा मार्शल लॉ सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी आपले चार जण येरवड्यात फासावर गेले. ज्या गावाने ते पाहिले, त्याने हे शब्द तोलून वापरावेत असे मला वाटते.

कोयत्याचे उत्तर दोन कायद्यांत विभागलेले आहे. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात, परंतु घरगुती, शेतीच्या आणि उद्योगाच्या कामासाठी बनवलेली वगळलेली आहेत. म्हणून शेतातला कोयता हे त्या अर्थी शस्त्र नाही; वाढदिवसाच्या केकवर चालवलेली तलवार मात्र शस्त्र आहे. कलम ३७ चा आदेश मात्र इजा करू शकणाऱ्या कोणत्याही वस्तूला लागू करता येतो. भावाने कोयता दुकानाच्या पावतीसह, गोणपाटात बांधून, सामानात खाली ठेवून न्यावा आणि कमरेला किंवा हँडलला अडकवू नये. आदेशाच्या शेवटी कोणाला सवलत आहे ते लिहिलेले असते. तो परिच्छेद वाचण्याची सवय ठेवावी.

बंदुकीबद्दल आपल्या वडिलांचे म्हणणे अपुरे आहे. स्वसंरक्षणाचा हक्क न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि तो परवाना असलेल्या व नसलेल्या दोघांनाही सारखाच आहे. परवाना हा हक्क वाढवत नाही. कलम ३७ प्रमाणे (हे न्याय संहितेचे, वरचे ३७ पोलीस अधिनियमाचे, आकड्याबरोबर कायद्याचे नाव का विचारावे, ते इथे दिसेल) पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क राहत नाही, आणि बचावाला आवश्यक तेवढीच इजा करता येते. सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरणारा, दरोडा घालणारा किंवा ज्याच्यापासून जिवाची वा जबर दुखापतीची रास्त भीती आहे असा चोर, यांच्याबाबत हा हक्क प्राण घेण्यापर्यंत जातो. परंतु विहिरीवरची मोटार किंवा द्राक्षाचे क्रेट घेऊन पळत सुटलेल्या माणसाच्या पाठीत गोळी घातली, तर तो खटला खुनाचा होतो. असा एक आरोपी मी अकरा महिने तारखांना येताना पाहिला आहे. माणूस वाईट नव्हता. त्याला हा फरक कोणी सांगितला नव्हता.


माळरान (नान्नज परिसर)

आणखी एक अडचण आपल्याला नूतनीकरणाच्या वेळी येईल. वडिलांना अधू दृष्टीमुळे बंदूक तपासणीसाठी स्वतः नेता येणार नाही, आणि भावाकडे अजून परवाना नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मध्ये यासाठी सोय आहे : दुरुस्ती किंवा नूतनीकरणासाठी परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती बंदूक नेऊ शकते. अधिकारपत्रावर वडिलांची सही किंवा अंगठा, परवाना क्रमांक, बंदुकीचा क्रमांक, तारीख आणि कोणत्या कामासाठी नेत आहात ते लिहा. मूळ परवाना बरोबर ठेवा, बंदूक रिकामी आणि म्यानात असू द्या, काडतुसे वेगळी ठेवा. त्या दिवशी शहरात शस्त्रबंदीचा आदेश असेल, तर निघण्यापूर्वी गावच्या आणि शहरातल्या अशा दोन्ही पोलीस ठाण्यांना अर्जाची प्रत देऊन पोच घ्या. मी तसेच केले होते आणि बाळ्याच्या नाक्यावर थांबवले तेव्हा ती पोच दाखवून पाच मिनिटांत पुढे गेलो.